हँडल उलटं का मारतं?

चार दिवस झाले पाऊस उघडेना, रानात वाफसा नाही. म्हणून आज पिकाचं नाही, इंजिनाचं लिहितो.

माझ्या चुलत्यांचं उजवं मनगट शेवटपर्यंत वाकडं होतं. मी पाचवीत असेन. दारात जुनी पेट्रोल जीप होती. बॅटरी उतरली म्हणून तात्या हँडल मारायला गेले अन् हँडलाने उलटा दणका दिला. हाड मोडलं. सगळे म्हणाले, गाडीला खोड आहे. खोड नव्हती. आदल्या दिवशी केलेलं टायमिंग चुकलं होतं, ठिणगी फार आधी पडत होती.

आता यामागचं गणित बघा. पेट्रोल-हवेचं मिश्रण एका झटक्यात जळत नाही, थोडा वेळ घेतं. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर एक फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी टाकावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. पण हँडलाने इंजिन सावकाश फिरतं. तेव्हा ठिणगी फार आधी पडली तर जाळ पिस्टनला वर जाऊच देत नाही, उलटा ढकलतो. तो दणका थेट हातात येतो.

अमेरिकेत हे दुखणं घरोघरी होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. शेतकऱ्यांनी ती भरपूर घेतली. तिच्या स्टिअरिंगखाली डाव्या हाताला ठिणगीची दांडी असायची. हँडल मारण्याआधी दांडी वर करायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. इंजिन चालू झालं की खाली ओढायची. विसरला की हात गेला. म्हणून हँडलाला अंगठा गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा अन् हँडल वर ओढायचं, ही शिकवण तिकडेही होती. तात्या आम्हाला हेच सांगायचे, पण हात मोडल्यावर.

यातून सोडवलं ते एका शेतकऱ्याच्या पोराने. चार्ल्स केटरिंग, जन्म १८७६, ओहायो राज्यातला. डेटन गावात मित्राच्या गोठ्यावजा शेडमध्ये त्याने काम केलं. बॅटरी, कॉइल अन् पॉइंटवरची त्याची ठिणगी १९१० च्या कॅडिलॅकला लागली, सेल्फ स्टार्टर १९१२ च्या गाडीला. हँडलाची गरज संपत चालली.

मग नवीन तक्रार आली, इंजिन ठोकतं. लोकांनी दोष केटरिंगच्या बॅटरी-ठिणगीला दिला. त्याने अन् त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने शोध घेतला, तर दोष इंधनाचा निघाला. ठिणगीचा जाळ पोचायच्या आधीच पेट्रोलचा उरलेला भाग दाबाने स्वतःच पेट घेत होता. ठिणगी उशिरा केली तर ठोका थांबतो, पण ताकद जाते अन् इंजिन तापतं.

डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला उपाय सापडला, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्यांना माहीत होतं. पण शिसं चिमूटभर लागायचं, स्वस्त पडायचं अन् पेटंट हाती राहायचं. फेब्रुवारी १९२३ ला ते पेट्रोल विक्रीला आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या कारखान्यात शिशाच्या विषाने पाच कामगार गेले. तरी धंदा कायमचा थांबला नाही. आपल्या देशात २००० साली पेट्रोल पूर्ण शिसेमुक्त झालं. अन् २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. म्हणजे उसाच्या मळीतून निघणारं तेच अल्कोहोल ऐंशी वर्षांनी टाकीत आलं!

कुणाकडे अजून जुनी जीप असेल तर टायमिंग असं करा. आधी पॉइंटचा गाळा अर्धा मिलिमीटर ठेवा, पॉइंट घासले की टायमिंगही हलतं. चारही प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल फिरवा, दाब आला की पिस्टन वर चाललाय. फ्लायव्हीलवरची ठिणगीची खूण जुळवा, विलीस जीपला ती वरच्या टोकाच्या पाच अंश आधी असते. चावी चालू करून पॉइंटची वायर अन् बॉडी यांच्यात बल्ब जोडा. डिस्ट्रिब्युटर सैल करून हळूहळू फिरवा, बल्ब लागतो तीच ठिणगीची वेळ. तिथेच आवळा. वायरी १-३-४-२ क्रमाने लावा. मग चढावर वरच्या गिअरला गाडी घ्या. टकटक आली तर ठिणगी थोडी उशिरा करा. गाडी मरगळली अन् तापली तर थोडी आधी.

अन् तेव्हाही हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. तात्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं.