एका जिवाची दोन नावे

जामनेरच्या आसपास कुठेही विहीर खणा, काळा दगड लागतो. अजिंठ्याच्या डोंगरातही तोच. हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. गुन्हेगार हा लाव्हा की मेक्सिकोत आदळलेली अशनी, हा वाद मिटलेला नाही. आपल्या दगडावर एवढा मोठा आळ, पण साक्षीदार बहुतेक समुद्रतळाच्या गाळात आहेत.

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मेले की त्यांची कवचे तळाशी साचत जातात. 1968 पासून 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने जगभर समुद्रतळ खोदून तो गाळ वर काढला. 2015 मध्ये दुसऱ्या एका जहाजाने आपल्या अरबी समुद्रातही खोदकाम केले. प्रत्येक मोहिमेचे जाडजूड अहवाल निघाले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये डेव्हिड लाझारस आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या नोंदी संगणकावर एकत्र आणायला घेतल्या. या संग्रहाचे नाव 'नेपच्यून'. आज तो बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे.

खरे काम टंकलेखनाचे नव्हते, नावांचे होते. संहारानंतर लगेचच्या थरांत सापडणाऱ्या एका जिवाचे नाव 1964 मध्ये 'ग्लोबिजेरिना युगुबिना' ठेवले गेले. पुढे तो 'पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना' झाला. (फळ्याची अर्धी ओळ त्यातच जाईल.) संगणकाच्या लेखी एक जात नष्ट झाली, दुसरी जन्मली! उर्दू शाळेतल्या कुणालाही हे लगेच कळेल. दाखल्यावर शेख, आधारवर शैख, की दफ्तरात माणसे दोन. इथे तर हिशेबच मेलेल्यांचा, म्हणून आधी कोणते नाव कोणाचे हे ठरवावे लागते.

वयाचेही तसेच. आपण शाळेत 6.5 कोटी शिकलो, आता आकडा 6.6 आहे. 'नेपच्यून'मध्ये जीव किती खोलीवर सापडला ते नोंदतात आणि खोलीवरून वय काढण्याचा तक्ता वेगळा ठेवतात. कालगणना सुधारली की तक्ता बदलायचा, मूळ नोंदीला हात लावायचा नाही. मला ही युक्ती फार आवडते.

क्वचित साक्षीदार जमिनीवरही भेटतो. गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सागरी गाळ आहे. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात संहारानंतर लगेचचेच सूक्ष्मजीव सापडले. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा. त्यांनी 2008 मध्ये दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा शेवट संहाराच्या वेळेजवळ आणून ठेवला. अशनीवाले अर्थातच गप्प बसलेले नाहीत.