आखूड दुवा : संक्षेप नव्हे, क्रमांक

१ ऑक्टोबर २०२४ पासून भारतात एक नियम लागू झाला. प्रेषकाने आधी नोंदवून मान्य करून न घेतलेला दुवा एखाद्या व्यावसायिक एसएमएसमध्ये असेल, तर दूरसंचार कंपन्यांनी तो संदेश अडवावा. ट्रायच्या या आदेशामागे एका साध्या सोयीचा इतिहास आहे.

जानेवारी २००२ मध्ये केविन गिल्बर्टसन या अमेरिकी तरुणाने ‘टायनीयूआरएल’ सुरू केले. तेव्हा लांबलचक पत्ते ईमेलमध्ये ओळ बदलताच तुटत आणि निरुपयोगी होत. २००६ मध्ये ट्विटर आले. एसएमएसच्या १६० अक्षरांपैकी २० नावासाठी राखून तेथे संदेशाला १४० अक्षरे मिळत. त्यामुळे आखूड दुवा ही सोय न राहता गरज बनली. २००८ मध्ये ‘बिट.ली’ही आले.

मात्र ‘संक्षेप’ हा शब्द येथे फसवा आहे. झिप फाइल उलगडली की मूळ मजकूर परत मिळतो, कारण तो तिच्यातच असतो. आखूड दुव्यात मूळ पत्ता नसतोच. लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात. त्यांचे सहा स्थानी संकेत सुमारे ५,६८० कोटी. त्यांतील प्रत्येक संकेत म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या सामानघराची पावती. पावती कितीही निरखली तरी पेटीत काय आहे ते कळत नाही, त्यासाठी नोंदवहीच पाहावी लागते. नोंदवही सांभाळणारा सर्व्हर बहुधा ३०१ हा संकेतांक आणि खरा पत्ता कळवतो, आणि ब्राउझर आपल्याला न विचारता तिकडे वळतो. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात ३०१ चा अर्थ ‘पान कायमचे हलले आहे’ असा दिला आहे. स्थलांतरित पानांसाठी योजलेली ही व्यवस्था पुढे भामट्यांना आयता पडदा ठरली.

म्हणून तपासणीचे तत्त्व एकच : नोंदवहीला विचारावे, दार उघडू नये. बिट.लीच्या दुव्याअखेर ‘+’ जोडून, किंवा टायनीयूआरएलच्या पत्त्याआधी ‘प्रीव्ह्यू’ हा शब्द व टिंब इंग्रजीत लिहून, गंतव्य आधी पाहण्याची सोय त्या सेवांनी दिली. इतर दुव्यांसाठी दुवा उलगडून दाखवणारी संकेतस्थळे आहेत. ती आपल्या वतीने सर्व्हरला विचारतात.

पत्ता मिळाल्यावर पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून वाचावा. ‘बँकेचे-नाव.अमुक.कॉम’ हे स्थळ बँकेचे नसून ‘अमुक’चे असते. उलगडलेला पत्ताही आखूडच निघाला, तर थांबलेले बरे.

ट्रायची चाळणी व्यावसायिक एसएमएसपुरती आहे. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा तिच्यातून जात नाही. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशी घाई करणारा दुवा आला, तर तो न उघडता अधिकृत ॲपमध्येच देयक पाहावे. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.