तळघरातला दुसरा पंप

'माजी सेक्रेटरीने जुन्या आठवणी लिहाव्यात' असा स्मरणिका समितीचा आग्रह. गणेशोत्सव, रंगकाम, लिफ्ट यांवर इतरांनी लिहिले आहेच. मी आपला पंपाचा इतिहास लिहितो.

बिल्डरने तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा करून ३ एचपीचा एक सबमर्सिबल पंप सोडून दिला होता. २६ जुलै २००५ पर्यंत तो कुणाच्या लक्षातही नव्हता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांत ठिकठिकाणी वीज बंद झाली, आपलीही गेली, आणि पंप ऐनवेळी मुका. त्याचा स्विचबोर्डसुद्धा तळघरातच! वीज आली की पंप लगेच चालू व्हावा म्हणून आम्ही वॉचमनला कमरेएवढ्या पाण्यात स्विच टाकायला पाठवले. तेवढ्यात वीज आली असती तर? तो सुखरूप वर आला ही त्याची पुण्याई, आमची अक्कल नव्हे. हे कुठल्याच इतिवृत्तात नाही, म्हणून इथे लिहितो. रात्री पाणी गाड्यांच्या टपापर्यंत गेले.

पुढच्या सर्वसाधारण सभेत अपेक्षित सूर निघाला: ज्यांच्या गाड्या, त्यांनी पंपाचे पैसे द्यावेत. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "अहो, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. पण पिण्याच्या टाकीत तेच पाणी शिरलं, ते मीही प्यायचं ना?" विषय तिथेच मिटला.

मग कोणता पंप घ्यायचा यावर खल. दुसरा विजेचा पंप पहिला बिघडल्यावर कामाचा, पण वीज गेली की दोघेही गप्प. इन्व्हर्टरचा हिशेब मीच मांडला: ३ एचपी म्हणजे सुमारे सव्वादोन किलोवॅट; १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी तो तासभरही ओढणार नाही. शेवटी डिझेल पंप ठरला. धुरामुळे तो तळघरात ठेवता येत नाही. वर उघड्यावर ठेवून सक्शन पाइप खाली सोडला. असा पंप साधारण सहा-सात मीटर खोलवरूनच पाणी खेचतो; आपले तळघर त्यात बसले, हे नशीब. स्विचबोर्ड तळमजल्यावर आणला. गटार तुंबले की बाहेरचे पाणी पाइपातून उलटे येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवला. खर्च किरकोळ, पण आधी कुणाला सुचलाच नव्हता.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात वीज गेली, तेव्हा डिझेल पंप रात्रभर धडधडत होता. झोपमोड झाल्याची एकही तक्रार आली नाही. सकाळी तळघरात पाणी घोट्याएवढे.

दरवर्षी मेअखेर तो पंप अर्धा तास चालवून नोंदवहीत सही करायची, असा ठराव आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी वही पाहून आलो. गेल्या दोन वर्षांची पाने कोरी आहेत.