सोन्याच्या शोधात सापडलेला अशोक

१/ नांदेडजवळचे अर्धापूर महाराष्ट्रात आहे आणि रायचूर जिल्ह्यातील मस्की कर्नाटकात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मात्र दोन्ही गावे हैदराबादच्या एकाच सीमेत होती. निजामाच्या त्या मुलखात १९१५ साली सोने शोधणाऱ्या एका अभियंत्याला सोन्याहून मौल्यवान वस्तू सापडली.

२/ आधी भूगोल पाहू. अर्धापूरची काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून घडलेल्या बेसाल्टवर पसरली आहे. तेथे सोन्याच्या शिरा नाहीत. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. त्याही दक्षिणेला, कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात, अतिप्राचीन धारवाडी खडकांचे पट्टे आहेत. सोने आहे ते या पट्ट्यांतील गारगोटीच्या शिरांत.

३/ ते डोळ्यांना क्वचितच दिसते. प्राचीन खाणकामगार खडकाला आग लावून तडे पाडीत, दगड फोडून बारीक कुटीत आणि तो चुरा पाण्याने धूत. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची सुमारे २.६५. हलका चुरा वाहून जाई, जड कण तळाशी राहत. मराठी मुलखातील झारेकरी सराफांच्या दुकानांतील केरमाती धुऊन सोने काढीत, तेही याच तत्त्वावर.

४/ मस्कीपासून फार दूर नसलेल्या हट्टी येथे हे प्राचीन खाणकाम ६४० फूट खोल गेले होते. जुन्या खाणीतील लाकडाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे १९०० वर्षे ठरले. सुरुंगाची दारू नाही, यांत्रिक पंप नाही. हाती होते केवळ अग्नी, हत्यारे आणि मानवी श्रम.

५/ ब्रिटिश काळात सोने शोधणारे अभियंते बहुधा या जुन्या खड्ड्यांचाच माग काढीत. धुताना निसटणारे सूक्ष्म कण सायनाइडमध्ये विरघळवून मिळवण्याची पद्धत १८८७ साली स्कॉटलंडमध्ये शोधली गेली होती. नवे रसायन आणि जुन्या खुणा, असा हा मेळ होता. हट्टीची आधुनिक खाण १९०२ च्या सुमारास सुरू झाली.

६/ अशाच शोधमोहिमेतील सी. बीडन या खाण अभियंत्याला १९१५ मध्ये मस्कीच्या टेकडीवरील एका खडकावर ब्राह्मी अक्षरे आढळली. एच. कृष्णशास्त्री यांनी त्याच वर्षी त्या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले.

७/ त्याचे महत्त्व कोणते? जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली, तेव्हा शिलालेखांतील राजा ‘देवानंपिय पियदसि’ म्हणून समोर आला. हा राजा अशोकच, हे श्रीलंकेच्या पाली ग्रंथांवरून ठरवले गेले. मस्कीच्या लेखात प्रथमच ‘देवानंपिय’ या बिरुदासोबत ‘असोक’ हे नाव स्पष्ट मिळाले. तर्काला दगडाची साक्ष लाभली.

८/ एवढ्या दक्षिणेत अशोकाचे लेख का? ब्रह्मगिरीच्या लेखात ‘सुवर्णगिरी’ येथील राजपुत्राचा व महामात्रांचा उल्लेख येतो. हे स्थळ मस्की, कनकगिरी की जोन्नगिरी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु दक्षिणेतील मौर्य सत्तेच्या केंद्राच्या नावातच सोने आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

९/ मस्कीच्या खडकाने सम्राटाचे नाव परत दिले. हट्टीच्या अंधारात ६४० फूट उतरलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्या हाती नाही. त्यांनी खोदलेले खड्डे हाच त्यांचा शिलालेख. पुढच्या शोधकांनी तो वाचला आणि त्यावरूनच आपली वाट काढली.