थ्रेड : विमाने बनवणाऱ्यांची मोटार, 'साब'चा उदय आणि अस्त

'साब' हे नाव भारतीय कानाला 'साहेब'चे बोलीरूप वाटते. पण या नावात कोणी साहेब नाही. 'स्वेन्स्का एरोप्लान आक्टिबोलागेट', म्हणजे 'स्वीडिश विमान कंपनी', या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे आहेत. भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमान खरेदीच्या चर्चेत ज्या 'ग्रिपेन'चे नाव अनेकांनी वाचले असेल, ते बनवणारी कंपनी हीच. याच कंपनीच्या पोटी १९४०च्या दशकात एक मोटार जन्माला आली आणि पुढची साठ वर्षे ती मोटारजगतात वेगळी वाट चालत राहिली.

कंपनीची स्थापना १९३७ची. युरोपवर युद्धाचे सावट होते. तटस्थ राहायचे तर स्वतःचे हवाई दल स्वतःच्या विमानांवर उभे हवे, हा स्वीडनचा हिशेब. पश्चिम स्वीडनमधील ट्रोलहेटान या धबधब्यांच्या गावी कारखाना उभा राहिला. युद्ध संपत आले तसा प्रश्न पडला, की लष्करी मागणी आटल्यावर या कारखान्याला आणि कामगारांना काम कोणते द्यायचे? उत्तर निघाले, छोटी मोटार.

कंपनीच्या अंतर्गत क्रमवारीत ९० आणि ९१ हे क्रमांक विमानांना गेले होते, म्हणून मोटारीला मिळाला ९२. गुन्नार ल्युंगस्ट्रम हा या प्रकल्पाचा प्रमुख अभियंता, तर आकार दिला सिक्स्टेन सासोन या चित्रकार-संकल्पकाने. त्या छोट्या गटातील बहुतेकांकडे वाहन चालवण्याचा परवानाही नव्हता, असे सांगितले जाते. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण तिच्यातला अर्थ खरा आहे. मोटार कशी 'असते' हे या मंडळींना फारसे ठाऊक नव्हते. हवा कशी वाहते, पत्रा कुठे वाकतो, वजन कुठे वाचवायचे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

पहिला नमुना, 'उरसाब', म्हणजे आद्य साब, १९४६ साली तयार झाला. बाजूने पाहिले तर तो विमानाच्या पंखाचा छेदच वाटतो. १९४७च्या जूनमध्ये तो पत्रकारांना दाखवण्यात आला आणि १९४९च्या अखेरीस 'साब ९२'चे उत्पादन सुरू झाले. दोन सिलिंडरचे, ७६४ सीसीचे, २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन. ताकद पुढच्या चाकांना. आणि हवेचा अवरोध त्या काळच्या इतर मोटारींच्या मानाने फारच कमी. सुरुवातीच्या गाड्यांना डिकीचे झाकणच नव्हते, कारण पत्र्यात जितकी छिद्रे कमी तितका सांगाडा मजबूत. सामान ठेवायचे तर मागचे आसन पुढे ओढून आतून! पहिली काही वर्षे गाडी एकाच गडद हिरव्या रंगात मिळे. युद्धकाळात उरलेला विमानांचा रंग संपवायचा होता, ही त्यामागची आख्यायिका.

टू-स्ट्रोकचा एक घोळ इथे समजून घ्यायला हवा, कारण साबचा स्वभाव त्यात दिसतो. या इंजिनात तेल वेगळे नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळून भरायचे. बजाजच्या जुन्या चेतकवर हात बसलेल्या पिढीला हे सांगायला नको. आता अशी गाडी लांब उतारावरून गिअरमध्ये सोडली आणि चालकाने पाय काढला, तर इंजिन वेगाने फिरते पण पेट्रोल येत नाही. म्हणजे तेलही येत नाही, आणि इंजिन कोरडे पडून जाम होते. साबने उपाय काढला फ्रीव्हीलचा, अगदी सायकलसारखा. पाय काढला की चाके मोकळी, इंजिन मंद गतीवर. अडचण हटवण्यापेक्षा तिच्याशी चतुराईने जुळवून घेणे, ही सवय या कंपनीला इथूनच लागली.

या छोट्या गाडीला नाव मिळवून दिले ते रॅलीने. एरिक कार्ल्सन हा धिप्पाड स्वीडिश चालक 'साब ९६' घेऊन १९६०, १९६१ आणि १९६२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली जिंकला. १९६२ व १९६३ साली माँटे कार्लोही. वळणावर डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर, ही त्याची खासियत. गाडी उलटवण्यातही तो पटाईत होता, म्हणून स्वीडिश बालसाहित्यातील एका पात्रावरून त्याला 'छतावरचा कार्ल्सन' हे टोपणनाव चिकटले.

विक्रीचे काम मात्र प्रत्येकाला जमले नाही. अमेरिकेत केप कॉडला १९५०च्या दशकाच्या अखेरीस एक साब डीलर होता, त्याचे नाव कर्ट वॉनेगट. दुकान बुडाले, कादंबरीकार तरला. आपल्याला नोबेल न मिळण्यामागे साबबद्दल काढलेले वाईट उद्गारच असावेत, अशी थट्टा त्याने पुढे म्हातारपणी केली.

१९६७च्या नोव्हेंबरमध्ये 'साब ९९' जगासमोर आली. टू-स्ट्रोकचा धुराळा मागे पडला होता. इंजिन ब्रिटिश ट्रायम्फ कंपनीच्या सहकार्याने आलेले, चार सिलिंडरचे. या गाडीत किल्लीची जागा सुकाणूजवळून दोन आसनांच्या मधोमध आली. अपघातात चालकाचा गुडघा किल्लीवर आदळून चिंधड्या होऊ नयेत, हे त्यामागचे एक कारण. शिवाय रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय किल्ली निघत नसे, म्हणजे चोरापासूनही संरक्षण. लोक याला विक्षिप्तपणा म्हणत. (सांडलेली कॉफी थेट किल्लीच्या भोकात जाते, ही तक्रारही रास्तच!)

पाठोपाठ हेडलाइटचे वायपर आले, ऊब देणारी आसने आली, हलक्या धडकेनंतर पूर्ववत होणारे बंपर आले, दारांत पोलादी आडव्या पट्ट्या आल्या. यांतल्या कित्येक गोष्टी आज मध्यम किमतीच्या गाडीतही असतात. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करणारा गट कंपनीने १९७०च्या दशकापासून बाळगला. स्वीडनमध्ये रात्री रस्त्यावर एल्क हा भलामोठा हरणवर्गीय प्राणी आडवा येतो. त्याचे पाय बंपरला लागतात आणि धड काचेवर येते. म्हणून काचेलगतचे खांब असे हवेत की छत कोसळू नये. साबची जाड, उभट काच आणि तिचे भक्कम खांब यांचे मूळ त्या जंगलातल्या रस्त्यांवर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. साब नेहमीच लहान होती. संपूर्ण इतिहासात एकाही वर्षी तिचे उत्पादन दीड लाख गाड्यांच्या पलीकडे गेले नाही. मोठ्या कंपन्या तेवढ्या गाड्या काही आठवड्यांत बनवत. नवे इंजिन घडवण्याचा खर्च गाड्या थोड्या विकल्या म्हणून थोडा होत नाही. १९७०च्या दशकात श्रीमंत ग्राहकाला सहा किंवा आठ सिलिंडर हवे होते. साबकडे होते चारच, आणि नवे बनवण्याइतका पैसा नव्हता. १९७७ साली शेजारच्या व्होल्वोशी विलीनीकरणाची घोषणाही झाली. काही महिन्यांत ती बारगळली.

याच चणचणीतून साबची सर्वांत मोठी देणगी निघाली. १९६९पासून ट्रक बनवणारी स्कानिया ही याच समूहात होती आणि ट्रकच्या इंजिनांना टर्बो नवा नव्हता. वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची, हे त्याचे साधे तत्त्व. इतर कंपन्यांनी शर्यतीच्या थाटाच्या मोटारींना टर्बो लावला होता. पण तो उच्च वेगालाच जागा होई. पेर गिलब्रांड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छोटा टर्बो निवडला, दाब मर्यादेत ठेवणारी झडप बसवली आणि रोजच्या वापरातल्या वेगांना ताकद मिळवून दिली. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात '९९ टर्बो' उभी राहिली : दोन लिटर, चार सिलिंडर, १४५ अश्वशक्ती. पुढे इंजिनातील 'नॉकिंग' ओळखून टर्बोचा दाब आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणाही साबने आणली. आज लहान इंजिनाला टर्बो लावून इंधन वाचवणे हा सगळ्या जगाचा शिरस्ता आहे.

१९७८ची 'साब ९००' ही या वैभवाची मूर्ती. मुळात ती ९९चाच लांबवलेला अवतार. पण १९९३पर्यंत नऊ लाखांहून अधिक विकली गेली. अमेरिकेतील प्राध्यापक, वास्तुशिल्पी, वकील यांनी तिला आपली खूण मानले. १९८६च्या सुमारास कापडी छताची ९०० आली आणि साब कधी नव्हे ती फॅशनेबल झाली.

धोका इथेच होता. यशाच्या भरात माल्मोच्या जुन्या जहाजबांधणी आवारात १९८९ साली नवा कारखाना उघडला. तोवर डॉलर घसरला होता, अमेरिकेतील मागणी मंदावली होती आणि विक्रीचा मोठा भाग तर त्याच बाजारावर टेकलेला. दोन वर्षांत, १९९१ साली, माल्मोचा कारखाना बंद झाला.

त्याआधीच, १९८९च्या अखेरीस, अमेरिकेच्या जनरल मोटर्सने साबच्या मोटार विभागाचा अर्धा हिस्सा ६० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला होता. उरलेला अर्धा २००० साली तिच्याकडे गेला. विमान कंपनी आणि मोटार कंपनी यांची नाळ तुटली, नाव तेवढे समान राहिले.

'जीएमने साब मारली', हे चाहत्यांचे आवडते वाक्य. ते अर्धेच खरे आहे. जीएमने पैसा ओतला, नाहीतर साब १९९०च्या दशकाच्या आरंभीच संपली असती. पण त्या बदल्यात तिला ओपेलच्या सांगाड्यांवर गाड्या बेतायच्या होत्या. सुटे भाग सामाईक, खर्च कमी. ट्रोलहेटानच्या अभियंत्यांना ते मानवेना. हाती आलेला सांगाडा ते पुन्हा उकलत, मागचे सस्पेन्शन बदलत, विद्युतयंत्रणा आपल्या पद्धतीने जुळवत. गाडी सुधारे; बचत उडून जाई. दोन दशकांत नफ्याची वर्षे बोटांवर मोजण्याइतकी. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच हे लग्न टिकणारे नव्हते.

मग जीएमने उलट टोक गाठले. २००४ साली सुबारूच्या गाडीला साबचे नाक लावून '९-२एक्स' विकायला काढली; लोकांनी तिचे नाव ठेवले 'साबारू'. पुढच्या वर्षी शेव्हर्लेच्या अवजड एसयूव्हीवर बेतलेली '९-७एक्स' आली, ओहायोत बनणारी. तिच्यातही किल्ली दोन आसनांच्या मध्ये नेली होती. ज्या गोष्टीला एकेकाळी कारण होते, ती आता नुसती सजावट उरली.

२००८ची मंदी आली. जीएम स्वतःच दिवाळखोरीच्या दारात उभी होती. स्वीडनच्या उद्योगमंत्री मॉड ओलोफसन यांनी स्पष्ट केले, की मोटार कारखान्याची मालकी घेण्याचा सरकारचा इरादा नाही. कोनिगसेग या चिमुकल्या स्वीडिश कंपनीचा सौदा २००९च्या नोव्हेंबरमध्ये फिसकटला. २०१०च्या आरंभी साब गेली 'स्पायकर'कडे, म्हणजे वर्षाला मूठभर स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या डच कंपनीकडे. तिचा प्रमुख व्हिक्टर म्युलर उत्साही होता; तिजोरी मात्र रिकामी होती.

२०११च्या एप्रिलमध्ये पुरवठादारांची देणी थकल्याने उत्पादन थांबले. जूनमध्ये पगार लांबला. कामगार संघटनांपुढे विचित्र पेच होता : पगारासाठी कायदेशीर मागणी करावी तर कंपनीच दिवाळखोरीत जाते, न करावी तर सरकारी वेतनहमीचा आधार हातून निसटतो. काही संघटनांनी सप्टेंबरमध्ये अखेर न्यायालयाचे दार ठोठावले. चिनी गुंतवणूकदार पैसे घेऊन उभे होते. पण गाड्यांच्या तंत्रज्ञानाचे परवाने जीएमकडे होते, आणि चीनमधील स्वतःचा मोठा व्यवसाय असताना ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. १९ डिसेंबर २०११ रोजी म्युलरने वेनर्सबोर्गच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. तीन हजारांहून अधिक लोकांची नोकरी त्या दिवशी गेली, तीही पन्नास-पंचावन्न हजार वस्तीच्या गावात.

२०१२ साली 'नेव्ह्स' नावाच्या नव्या कंपनीने कारखाना घेतला आणि काही काळ जुनीच '९-३' बनवली. पण तीही पैशाच्या अडचणीत सापडली आणि २०१४ साली विमान कंपनीने तिचा 'साब' हे नाव वापरण्याचा परवाना काढून घेतला. त्यानंतर त्या नावाची मोटार बाजारात आलेली नाही.

दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांनी २०१२च्या जानेवारीत ट्रोलहेटानच्या संग्रहालयातील गाड्याही विक्रीला काढल्या होत्या. गाव, जुनी विमान कंपनी आणि वॉलेनबर्ग कुटुंबाचा एक न्यास यांनी मिळून संपूर्ण संग्रह एकत्र विकत घेतला. १९४६ची ती उरसाब, पंखाच्या आकाराची, आजही तिथेच आहे.