खिडकीतून पडलेला माणूस

फार्स म्हटला की आपल्याला उत्सवातली धमाल आठवते. इटलीत मात्र दारिओ फो यांनी एका मृत्यूवर फार्स लिहिला. डिसेंबर १९६९ मध्ये मिलानच्या एका बँकेत बॉम्बस्फोट झाला. संशयावरून पकडलेला रेल्वे कामगार पिनेली तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरून पडून मेला. पोलिसांचे जबाब एकमेकांशी जुळेनात. १९७० च्या नाटकात एक वेडा न्यायाधीश बनून येतो आणि तीच हकीगत त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. वेगळे विनोद रचायची गरज फारशी नव्हतीच! मिलानमध्ये प्रयोग एका जुन्या शेडमध्ये होत. फो सांगत, ही गोष्ट १९२० साली न्यूयॉर्कमध्ये पडलेल्या साल्सेडोची. प्रेक्षक काय ते समजत. १९७५ मध्ये न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष आला : खून नाही, आत्महत्याही नाही, भोवळ येऊन तोल गेला.