एका डॉलरची सूट

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब अमेरिकी काँग्रेसने १९३८ साली थेट कायद्यात बसवला. परदेशातून आलेलं बारकंसं पुडकं उघडायचं, आतल्या मालाची किंमत ठरवायची, पावती फाडायची. एवढ्या खटाटोपातून जमणाऱ्या जकातीपेक्षा खर्चच जास्त. म्हणून १९३० च्या टॅरिफ कायद्यात दुरुस्ती झाली. भेटवस्तू ५ डॉलरपर्यंतची आणि इतर माल १ डॉलरपर्यंतचा असेल, तर कर न घेता सोडून द्यायचा.

सोय कस्टम्सची होती. व्यापाऱ्यांना तिची किंमत उशिरा कळली, पण कळली ती पुरती.

ब्रिटनमध्ये अशीच सवलत १८ पौंडांपर्यंत होती आणि जर्सी बेट ब्रिटनच्या व्हॅट कक्षेबाहेर. ऑनलाइन दुकानांनी सीडी-डीव्हीडींची कोठारं या चिमुकल्या बेटावर हलवली. काही माल तर इंग्लंडमधून बोटीने जर्सीला जायचा आणि पाकिटात बसून पुन्हा इंग्लंडलाच यायचा. एवढ्या प्रवासाने त्याचा व्हॅट गळून पडे. गावातल्या रेकॉर्डच्या दुकानदारांनी डोकं आपटलं तरी हे चालूच राहिलं. अखेर १ एप्रिल २०१२ पासून जर्सी आणि तिच्या शेजारच्या बेटांपुरती सवलत बंद झाली.

अमेरिकेने मात्र उलटी वाट धरली. मर्यादा १९९३ च्या कायद्याने २०० डॉलर झाली, २०१६ मध्ये ८००. मग चिनी ॲपवरचा पाच-दहा डॉलरचा टी-शर्ट कारखान्यातून निघून सरळ गिऱ्हाइकाच्या दारात पडू लागला. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी १३० कोटींहून जास्त पार्सलं अमेरिकेत शिरली. मे २०२५ मध्ये चीनची सवलत गेली, २९ ऑगस्टला उरलेल्या जगाची.

त्याचा चटका पुण्या-मुंबईच्या फराळाच्या डब्यांपर्यंत पोचला. अमेरिकेतल्या लेकरांना चकल्या-अनारसे धाडायचे दिवस तोंडावर आले आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. कर कोणी गोळा करायचा, कसा भरायचा, हेच ठरलेलं नव्हतं. सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या पाच दिवस आधी. तेव्हा भारतीय मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं आणि ते इथेच, आगाऊ भरायचं होतं.

भारतानेही आपलं दार आधीच ओढून घेतलं होतं. ऑनलाइन मागवलेला माल ‘भेट’ म्हणून सोडवून घेण्याची पळवाट वाढली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये टपाल-कुरियरने शुल्क न भरता येणाऱ्या अशा भेटींवर बंदी आली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. शुल्क १०० रुपयांपर्यंत होत असेल तर ते घ्यायचं नाही, असं भारताच्या सीमाशुल्क कायद्यात कलम आहे. राखीला त्याच कलमाखाली घातलं. सोबतची भेटवस्तू चालणार नाही, हेही बंदीच्या अधिसूचनेत न विसरता लिहिलेलं आहे.